दारू सोडायचीय, पण मीटिंगच्या दारातूनच परत फिरतो: जाणकारांनी सांगा

काठावरचा

नवा आयडी काढून लिहितोय, जुन्या आयडीने इथले बरेच जण ओळखतात. वय चाळिशीच्या पुढे. नोकरी चालू आहे, घर चालू आहे, बाहेरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही. पण रोज संध्याकाळी पितो, एकटाच पितो आणि 'आज दोनच' हे ठरवलेलं पाळता येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारीच सुरू होतं. रिकाम्या बाटल्या कधी आणि कुठे टाकायच्या याचं नियोजन मी ऑफिसच्या कामापेक्षा काटेकोर करतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसबद्दल (दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, पुढे ए.ए. म्हणतो) ऐकून आहे. पत्ता काढला, वेळ पाहिली, तिथवर गेलो आणि दारातून परत आलो. आत गेल्यावर नाव-गाव लिहून घेतात का? सगळ्यांसमोर उभं राहून बोलावंच लागतं का? ओळखीचं कोणी निघालं तर? शिवाय मी देवबिव मानत नाही आणि तिथे प्रार्थना असते म्हणे.

उपदेश नकोत. 'मनाचा निर्धार करा' तर अजिबातच नको. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा.

जुनाखांब

मित्रा, दारातून परत फिरलेल्यांची आमच्या ग्रुपात काही कमी नाही. कोणी गाडीत बसून राहिलं, कोणी समोरच्या फुटपाथवरून नुसतं बघून गेलं. मी बरीच वर्षं ए.ए.मध्ये आहे, म्हणून लिहितो.

नाव-गाव लिहून घेत नाहीत. फॉर्म नाही, फी नाही. पहिलं नाव सांगायचं, ते खरं आहे का हे कोणी तपासत नाही. मेंबर व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. सुटलेली असायला हवी असं नाही. खर्चासाठी मीटिंगमध्ये डबा फिरतो, पण नव्या माणसाने त्यात काही टाकावं अशी अपेक्षा नसते. बाहेरच्या कोणाकडून देणगी घ्यायची नाही असं ए.ए.चं धोरण आहे, त्यामुळे तिथे तुला कोणी काही विकायलाही येणार नाही.

बोलायची सक्ती नाही. पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हणायचं, पाळी पुढे जाते.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. चेअर करणारा, म्हणजे मीटिंग चालवणारा, प्रस्तावना वाचतो. मग कुठे एखादा उतारा वाचतात, कुठे बारा पायऱ्यांतली (ए.ए.चा दारूतून बाहेर पडायचा कार्यक्रम) एक घेतात, कुठे एखादा मेंबर आपली कहाणी सांगतो: पीत होतो तेव्हा काय होतं, पुढे काय झालं, आता कसं चाललंय. त्यानंतर एकेकाचं शेअरिंग. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, नंतरही त्याला सल्ला द्यायचा नाही. हे सुरुवातीला चमत्कारिक वाटतं. एखादा माणूस डोळे पुसत घरातलं काहीबाही सांगतो, थांबतो, लोक 'थँक यू' म्हणतात आणि शेजारचा बोलायला लागतो. मला तर वाटलं, काय कोरडी माणसं आहेत ही! पण आपल्या बोलण्यात कोणी 'अहो पण' घालत नाही, हे दारुड्या माणसाच्या वाट्याला घरी-दारी कुठेच येत नाही. त्याची चटक लागते.

ओळखीचं कोणी निघालं तर? तो तिथे काय करायला आलाय?

टवाळखोर

शेवटच्या ओळीला दंडवत.

पानगळ

काठावरचा, मी पण ए.ए.त आहे, आणि बाई आहे. जुनाखांब काकांनी आतलं सांगितलं, मी शोधण्याबद्दल सांगते, कारण तिथेच बरेच जण अडकतात.

ए.ए.च्या साइटवर तुमच्या भागाच्या कार्यालयाचा नंबर मिळतो, शिवाय 'मीटिंग गाइड' नावाचं त्यांचं मोफत अ‍ॅप आहे. पण यादीत छापलंय म्हणून सरळ जाऊन उभं राहू नका. जागा बदलते, वेळ बदलते, ग्रुप बंद पडतो, यादी मात्र तशीच राहते. मनाची तयारी करून जावं आणि दाराला कुलूप असावं, यासारखं निमित्त पिणाऱ्याला दुसरं मिळत नाही. आधी फोन करा. पलीकडे बहुतेक वेळा पगारी माणूस नसतो, स्वतः दारू सोडलेलाच कोणीतरी मेंबर असतो. त्याला सांगा की पहिल्यांदा येतोय, दारात कोणी भेटेल का. हे विचारण्यात ओशाळायचं काही नाही. नव्या माणसाला हाताला धरून आत नेणं हे त्या लोकांच्या स्वतःच्या औषधपाण्याचाच भाग आहे.

यादीत ओपन आणि क्लोज्ड असं लिहिलेलं असतं. ओपनला कोणीही येऊ शकतं, नातेवाईक, विद्यार्थी, नुसते कुतूहल असलेले. क्लोज्डला फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे आणि सोडायची इच्छा आहे ते. ओळख उघड होण्याची भीती असेल तर मी क्लोज्डच सुचवीन. लोकांना वाटतं ओपन सोपी, पण उलट आहे. क्लोज्डमध्ये प्रेक्षक नसतात.

अगदीच पाय उचलत नसतील तर ऑनलाइन मीटिंग आहेत, दिवसरात्र कुठे ना कुठे चालू असतात. कॅमेरा बंद ठेवा, नाव बदला, ऐका. माझ्या मते ही पहिल्या आठवड्यापुरती सोय म्हणून उत्तम. पुढे मात्र खोलीत जाऊन बसायला हवं. ऑनलाइन मीटिंग संपली की खिडकी बंद होते आणि आपण पुन्हा त्याच घरात, त्याच कपाटासमोर असतो.

वाचनमात्र, म्हणजे न लिहिता नुसतं वाचणाऱ्या, बायकांसाठी दोन गोष्टी. बऱ्याच ठिकाणी फक्त बायकांच्या मीटिंग असतात, त्या आधी शोधा. आणि जुन्या मेंबराने नव्या आलेल्या व्यक्तीच्या कमकुवत दिवसांचा फायदा घेऊन सलगी करणं, याला ए.ए.तच उपरोधाने 'तेरावी पायरी' म्हणतात. टोपणनाव पडलंय यावरून काय ते समजा. मीटिंगनंतर 'एकट्यात समजावून सांगतो' म्हणणारा भेटला तर सरळ नाही म्हणा आणि ग्रुपातल्या जुन्या बाईच्या कानावर घाला. सगळे तसे नसतात, पण खोलीत बसलेली सगळी माणसं दारू सोडल्याबरोबर संत झालेली नसतात, एवढं लक्षात असू द्या.

स्टेथो

पेशाने डॉक्टर. मीटिंगची चर्चा चांगली चाललीय, पण त्याआधीचं एक.

काठावरचा, तुम्ही रोज पिता. किती, ते लिहिलेलं नाही. प्रमाण जास्त असेल तर मीटिंगमधून भारावून येऊन एका रात्रीत सगळं बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, झोप उडणं सुरू होऊ शकतं. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत. आणि डिलिरियम ट्रेमेन्स, आम्ही डीटी म्हणतो, तो बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान गाठतो: दिवस कुठला, आपण कुठे आहोत हे कळत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात, अंग तापतं, बीपी चढतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. घरचे म्हणतात 'तीन दिवस झाले सोडून, आता कसला धोका', आणि धोक्याची वेळ नेमकी तीच असते.

सकाळी हात स्थिर व्हायला घोट लागतो का? पूर्वी सोडताना फिट आली होती का? भास झाले होते का? एकाचंही उत्तर हो असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. चार-सहा दिवस देखरेखीखाली औषधं कमी कमी करत नेतात, बी-१ म्हणजे थायमिन देतात, त्रास बराच आटोक्यात राहतो. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या मागून हे घरी करायचं नाही.

दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. मीटिंगला जाणाऱ्याने ती घेऊ नयेत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ए.ए.चं स्वतःचं साहित्यसुद्धा हेच सांगतं की मेंबरांनी डॉक्टरकी करू नये.

जुनाखांब

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. 'गोळी घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस' म्हणणारे शहाणे आमच्याकडे अधूनमधून निघतात. त्यांच्यापासून चार हात लांब.

शंकासुर

सगळे ए.ए.ची आरती करतायत म्हणून विरोधी सूर लावतो. बारा पायऱ्यांपैकी सहांमध्ये देव किंवा उच्चशक्ती येते. 'तुम्हाला समजेल तसा देव' ही पळवाट मला पटलेली नाही. 'मी दारूपुढे हतबल आहे' ही पहिली पायरीही मला पटत नाही. धागाकर्त्याने स्पष्ट लिहिलंय की देव मानत नाही, आणि इथे कोणी दुसरे पर्याय सुचवलेसुद्धा नाहीत.

मी स्मार्ट रिकव्हरीच्या मीटिंगला जायचो. १९९४ मध्ये सुरू झालेली संस्था, मुळाशी वर्तनोपचार. देव नाही, पायऱ्या नाहीत, 'मी अमुक, अल्कोहोलिक' असं म्हणायचं बंधन नाही, स्पॉन्सर (नव्याला वाट दाखवणारा जुना मेंबर) नाही. मीटिंग चालवणारा प्रशिक्षण घेतलेला असतो आणि लोक एकमेकांशी बोलू शकतात, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावं लागत नाही. मला सगळ्यात उपयोगी पडला तो चार चौकोनांचा कागद: प्यायल्याने काय मिळतं, काय जातं, न प्यायल्याने काय मिळतं, काय जातं. पहिला चौकोन प्रामाणिकपणे भरायला सांगतात, यावर मी तिथे टिकलो. प्यायल्याने काही मिळतच नाही असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मिळतं म्हणूनच पितो ना माणूस? मी लिहिलं होतं 'ऑफिसमधलं डोक्यातून जातं', आणि पुढची दोन महिने सगळी चर्चा त्याच एका ओळीवर होती.

शिवाय लाइफरिंग आहे, तिथेही देव नाही, बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे, ती जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७० च्या दशकात काढली. तेव्हा ए.ए. किंवा काहीच नाही, असं समजायचं कारण नाही.

जुनाखांब

शंकासुर, पर्याय सांगितलेत ते बरं केलंत, मनापासून. पण 'आरती' म्हणालात म्हणून एक. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२० साली आढावा काढला, २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. ए.ए. आणि बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार घेतलेल्यांत वर्षानंतर दारूपासून पूर्ण लांब असलेले सुमारे ४२ टक्के, वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांत सुमारे ३५ टक्के. आरती असेल, पण कापूर अगदीच फुकट जात नाहीये.

शंकासुर

आढावा मलाही माहीत आहे. त्यात ए.ए.कडे वळवणारे प्रशिक्षित थेरपिस्ट होते, सोम्यागोम्या ग्रुपात आपणहून जाऊन बसण्याचा तो निकाल नव्हे. आणि ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त राहिलेच की! त्यांना 'तू कार्यक्रम नीट केला नाहीस' म्हणून परत पाठवतात, हा माझा खरा आक्षेप आहे. गोळी लागू पडली नाही तर आपण रोग्याला दोष देत नाही.

जुनाखांब

हा आक्षेप मान्य. असं बोलणारे आहेत आणि ते नव्या माणसाचं नुकसान करतात. तरी देवाबद्दल एक सांगू का? माझ्याही गळी तो उतरला नव्हता. टिकलो ते दुसऱ्याच कारणाने.

ए.ए. सुरू कसं झालं बघा. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल, सोडून पाचेक महिने झालेले. त्या महिन्यांत त्याने दिसेल त्या दारुड्याला समजावलं होतं आणि एकही सुटला नव्हता. मे १९३५ मध्ये तो कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनला गेला, व्यवहार फिसकटला आणि हा हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, तिथून गप्पांचा आवाज. दुसऱ्या बाजूला भिंतीवर चर्चची यादी आणि फोन. त्याने फोन लावायला सुरुवात केली: इथे कोणी असा दारुडा आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल? विचारत विचारत डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोहोचला. बॉबने पंधरा मिनिटं देतो म्हणून सांगितलं होतं, उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. १० जून १९३५ रोजी बॉबने शेवटचं घेतलं, तोच ए.ए.चा स्थापना दिवस धरतात.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बिलने फोन दुसऱ्याला वाचवायला लावला नव्हता. त्याला स्वतःला प्यायची तलफ आली होती. आधीचे पाच महिने कोणी सुटलं नसेल, पण बोलत राहिल्यामुळे तो स्वतः कोरडा राहिला होता. ही युक्ती चालायला देव लागत नाही, समोर दुसरा पिणारा माणूस लागतो. तो स्मार्टमध्येही मिळतो, मला वाद घालायचा नाही. आणि ज्याला प्रार्थना जड जाते त्याने त्या मिनिटाला गप्प उभं राहावं. काही ठिकाणी देव-प्रार्थना वगळून चालणारे ए.ए. ग्रुपही आहेत.

शंकासुर

हे असं आधी सांगितलं असतंत तर मी एवढं टंकलंच नसतं.

सावलीतली

मी पीत नाही. नवरा प्यायचा. हा धागा पिणाऱ्यांचा आहे, तरी लिहिते, कारण इथे वाचणाऱ्यांत माझ्यासारख्या जास्त असतील.

आमच्यासाठी वेगळ्या मीटिंग असतात, अल-अ‍ॅनॉन. बिल विल्सनची बायको लोइस हिने मैत्रिणीबरोबर १९५१ मध्ये सुरू केलेल्या. मी गेले ती नवऱ्याची दारू कशी सोडवायची ते विचारायला. ते कोणी सांगितलंच नाही! सांगितलं ते असं: तू हे घडवलं नाहीस, तुला हे ताब्यात ठेवता येणार नाही आणि तुझ्याने हे बरं होणार नाही. मी चिडून घरी आले. पण त्या रात्री वर्षानुवर्षांत पहिल्यांदा मी बाटलीवरच्या पातळीची खूण बघितली नाही. मी लेबलाच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवायचे. तो पाणी घालून पातळी जुळवायचा. दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हतो.

त्याच्यासाठी मीटिंग शोधून, नंबर लिहून, कपडे काढून ठेवण्याचा काही उपयोग होत नाही. पत्ता एकदा सांगावा, ओपन मीटिंगला हवं तर सोबत जाते म्हणावं, आणि आपली मीटिंग चुकवू नये. तो गेला-न गेला तरी आपण जायचं.

आणखी एक, कारण हा सल्ला अजून फिरत असतो: डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायचं औषध, नकळत जेवणातून देणं. डॉक्टर, तुम्हीच लिहा.

स्टेथो

अजिबात देऊ नका. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीएवढी पिणार. हे औषध रोग्याच्या संमतीने, त्याला सगळं समजावून, तपासण्या करूनच द्यायचं असतं.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. आधी डॉक्टरांकडे गेलो, औषधं चालू आहेत. मग पानगळ ताईंनी सांगितलं तसा फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, 'दाराशी निळा शर्ट घालून उभा असेन.' होता.

पहिली मीटिंग खरं सांगायचं तर कंटाळवाणी. सात-आठ माणसं, सगळी माझ्याहून बरीच मोठी. एक गृहस्थ इतका वेळ बोलले की चेअर करणाऱ्याने घड्याळ उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. प्रार्थनेला गप्प उभा राहिलो, कोणी बघितलंही नाही. बाहेर पडताना वाटलं, हे आपलं नव्हे.

पण निळ्या शर्टवाल्यांनी एक कागद हातात दिला, त्यावर पाच-सहा पहिली नावं आणि फोन नंबर, वेगवेगळ्या अक्षरात. म्हणाले, 'हा ग्रुप नाही आवडला तर शुक्रवारचा बघ, तिथे तुझ्या वयाचे आहेत. आणि अर्धा तास आधी ये, खुर्च्या लावायला माणूस लागतो.' शुक्रवारी गेलो, खुर्च्या लावल्या. त्या अर्ध्या तासात एक जण बाटल्या लपवायच्या जागांबद्दल बोलत होता आणि माझी एक जागा त्याच्या यादीत नव्हती. मी ती सांगितली, सगळे हसले. मीटिंगमध्ये मात्र 'आज ऐकतो' इतकंच म्हणालो.

दोन प्रश्न. एक, पिऊन मीटिंगला गेलं तर हाकलतात का? दोन, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायच्याच असतात का? मला जमणार नाही.

पानगळ

हाकलत नाहीत. गोंधळ घातलात तर बाहेर बसवतील, पण प्यायलेल्या दिवशी यायचं नाही असा नियम नाही. त्या दिवशी बोलू नये, ऐकावं, असं बहुतेक ग्रुप सांगतात. गाडी चालवत मात्र येऊ नका, त्या कागदावरच्या कोणालाही फोन करा, न्यायला येतील.

नव्वद-नव्वद ही चाल आहे, नियम नव्हे. ए.ए.च्या १९३९ च्या मूळ पुस्तकात ती नाही. सुरुवातीला भरपूर जा, एवढाच तिचा अर्थ. आठवड्यात ठरलेले दोन-तीन दिवस आणि ते काही झालं तरी चुकवायचे नाहीत, हेही चालतं. त्यातला एक ग्रुप आपला घरचा ग्रुप ठरवा, तिथे न दिसल्यास कोणीतरी फोन करेल असा.

कागदावरच्या नंबरांना तलफ आल्यावर पहिल्यांदा फोन करायला जाल तर बोट उचलणार नाही. काही झालेलं नसताना, उगाच, दुपारी एखादा लावून ठेवा. 'फोन लागतोय का बघत होतो' म्हटलं तरी चालतं, त्यांनीही हेच केलेलं असतं. स्पॉन्सरची घाई नको. ज्याचं बोलणं ऐकून 'याच्यासारखं राहता यायला हवं' वाटेल त्याला विचारा. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला असा साधारण संकेत आहे, म्हणजे भलती गुंतागुंत होत नाही. आणि पोलीस-कोर्टात जाण्यासारखं काही पोटात असेल तर ते आधी वकिलाशी बोला. मीटिंगमधलं बाहेर न्यायचं नाही हा आमचा आपसातला शब्द आहे, कायद्याचं कवच असतंच असं नाही.

टवाळखोर

ती लपवायची जागा कुठली ते आम्हालाही कळू द्या.

काठावरचा

नाही. अजून वाचनमात्र बरेच आहेत.

निळापतंग

मी १६ वर्षांचा आहे. बाबा पितात. ते मीटिंगला जाणार नाहीत, मी विचारलं तेव्हा मोबाइल फेकला. सावलीतली ताई म्हणाल्या तशा मीटिंग मुलांसाठी असतात का? आईला कळू न देता जाता येईल का?

सावलीतली

असतात रे. अलाटीन म्हणतात, १९५७ पासून आहेत, घरातल्या किंवा जवळच्या माणसाच्या दारूचा त्रास होणाऱ्या तुझ्या वयाच्या मुलांसाठीच. मुलंच बोलतात, सोबत अल-अ‍ॅनॉनमधली मोठी माणसं बसलेली असतात. बाबा गेले पाहिजेत असं काही नाही, त्यांना कळवतही नाहीत. अल-अ‍ॅनॉनच्या साइटवर अलाटीन वेगळं शोधता येतं, ऑनलाइनही आहेत. आईच्या परवानगीचा नियम जागेप्रमाणे बदलतो, म्हणून आधी फोन करून तेवढंच विचार, नाव न सांगता विचारलंस तरी उत्तर देतील.

बाबा प्यायलेले असताना त्यांच्या गाडीवर मागे बसू नकोस, कितीही रागावले तरी. मोबाइल फेकला त्याच्या पुढे, अंगावर हात टाकण्यापर्यंत गोष्ट जात असेल तर मीटिंगची वाट बघायची नाही. मुलांच्या हेल्पलाइनला किंवा शाळेतल्या ज्या शिक्षकांवर विश्वास आहे त्यांना आजच सांगायचं. तसं आहे का? इथे लिहायचं नसेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) कर.

निळापतंग

मारत नाहीत. फेकाफेक करतात. फोन उद्या शाळा सुटल्यावर करतो. काय बोलायचं सुरुवातीला?

सावलीतली

'अलाटीनची मीटिंग कुठे असते, मी १६ वर्षांचा आहे.' एवढंच. पुढचं ते विचारतील. उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा लाव, नंबर बहुतेक वेळा घरी बसलेल्या कोणाकडे तरी असतो आणि दिवसा ती माणसं कामावर असतात.